बसमध्ये शेजारचे फोन उघडायचा पॅटर्न बघतात, काय करू?

प्रश्न: रोज पणजी-मडगाव बसने जाते, काल शेजारच्या पोराने माझा झेडचा पॅटर्न हवेत बोटाने काढून दाखवला, पोटात गोळाच आला, बँक-बिंक सगळं याच फोनवर! चित्रांचा पासवर्ड लावला तर चालेल का?

उत्तर १: ताई, पॅटर्न हा पण चित्राचाच पासवर्ड, आणि तोच बघणाऱ्याच्या पटकन लक्षात राहतो. २०१७ च्या एका अमेरिकन अभ्यासात एकदाच बघून सुमारे ६४ टक्के वेळा पॅटर्न ओळखला गेला, बोटामागे स्क्रीनवर उमटणारी रेघ लपवल्यावर ३५, सहा आकडी पिन मात्र ११ च. आजच पिन लावा.

उत्तर २: पॅटर्नच हवा तर सेटिंगमध्ये जाऊन रेघ दिसणं बंद करा. आणि स्क्रीन पुसत जा, म्हापशाच्या बाजारात मासळी घेऊन फोन उघडला की बोटाचा माग तिरक्या उजेडात लख्ख दिसतो, मी स्वतः बघितलाय.

उत्तर ३: बघ्यांना चकवणारी चित्रांची पद्धत पण आहे, आपली तीन चित्रं गर्दीतून नजरेने शोधायची, त्यांना हात न लावता त्यांच्या मधल्या त्रिकोणात कुठेही बोट टेकवायचं, दर वेळी जागा बदलते. भारी आहे पण वेळ खाते, बसमध्ये उभं राहून नाही जमणार.

प्रश्नकर्ती: पिन लावला, रेघ पण बंद केली. देव बरें करूं सगळ्यांचं!