हिरवा "सूट होत नाही" की शेड चुकते? सीझन बघून हिरवा निवडावा का?

मंजिरी
कोणी म्हणालं की हिरवा मला सूटच होत नाही, तर मी लगेच विचारते, कुठला हिरवा? बहुतेक वेळा उत्तर येतं, तो पोपटी गं, नाहीतर तो मिलिटरीवाला. म्हणजे एक शेड अंगावर वाईट दिसली म्हणून अख्खा रंग बाद! मला हे बघवत नाही.

माझं मत असं की सीझनल कलर अ‍ॅनालिसिस बाकी रंगांना लावा न लावा, हिरव्याला जरूर लावा. केशरी कितीही ओढाताण केली तरी उबदारच राहतो. हिरवा मात्र पिवळ्या आणि निळ्याच्या मधे बसलाय, जरा इकडे सरकला की पोपटी, तिकडे सरकला की मोरपंखी, त्यात करडा मिसळला की सेज, काळपट केला की बॉटल ग्रीन. एवढा पसारा असल्यावर काहीतरी चाळणी हवीच ना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपली त्वचा, केस, डोळे मिळून तीन गोष्टी बघायच्या, उबदार की थंड, फिकं की गडद, स्वच्छ की धुरकट. त्यावरून माणसाला स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर या चारपैकी एका ऋतूच्या गटात, म्हणजे सीझनमध्ये, बसवायचं आणि त्या गटाचे रंग घालायचे. स्प्रिंगवाल्यांना कोवळ्या पानाचा हिरवा आणि पोपटी, समरला निळसर सेज किंवा धुरकट मिंट, ऑटमला ऑलिव्ह, मेंदी, शेवाळी, आणि विंटरला पाचूसारखा हिरवा, बॉटल ग्रीन, नाहीतर एकदम बर्फाळ मिंट. पुढे या चाराचे बारा केलेत पण पाया हाच.

माझ्या बहिणीला खिडकीपाशी बसवून गळ्याशी आधी ऑलिव्ह धरला, मग पाचू. ऑलिव्हमध्ये डोळ्यांखालची वर्तुळं आणि ओठांच्या कडेची काळपट रेघ आधी दिसत होती, पाचू धरल्यावर नजर थेट डोळ्यांवर गेली. मेकअप नाही, काही नाही. ती इतकी वर्षं ऑलिव्हच घेत आलीये कारण तो "सेफ" वाटतो. तुमचं काय मत?

निळासावळा
मला अजिबात पटत नाही. तुमच्या बहिणीला पाचू चांगला दिसला हे मान्य, पण त्यासाठी तिला विंटर म्हणायची गरज काय होती? गळ्याशी दोन कपडे धरले आणि बघितलं, झालं की. सीझन मधे आला कुठून?

ही चार खान्यांची पद्धत १९८० च्या आसपास अमेरिकेत लोकप्रिय झाली, तिथे सोनेरी, तांबूस, तपकिरी, काळे असे नाना तऱ्हेचे केस आणि निळे-हिरवे-तपकिरी डोळे, त्यामुळे चार गट पाडायला काहीतरी होतं. आता ज्यांचे केस काळे, डोळे गडद तपकिरी आणि त्वचा गव्हाळ ते काळी यात कुठेतरी, अशी जगातली केवढी माणसं आहेत बघा. त्या सगळ्यांना उचलून विंटरमध्ये टाकलं जायचं, फार तर ऑटममध्ये. मग स्प्रिंगचा पोपटी आणि समरचा सेज आमच्यासाठी कायमचा बंद? एवढ्या माणसांना एकाच खान्यात कोंबणारी पद्धत मी रंग निवडायला का वापरू?

आणि ती मनगटाच्या शिरांची टेस्ट! शिरा हिरव्या दिसल्या तर तुम्ही वॉर्म, निळ्या दिसल्या तर कूल. अहो, शिरेतलं रक्त गडद लालच असतं, वरची त्वचा प्रकाश कसा पसरवते आणि शोषते त्यावर ते निळं दिसतं की हिरवट ते ठरतं. सावळ्या कातडीतून शिरा बऱ्याचदा हिरवटच दिसतात, मग काय सगळे सावळे वॉर्म? मी असे सावळे लोक बघितलेत की ज्यांच्या अंगावर मेंदी कलर मातकट दिसतो आणि थंड निळसर हिरवा झकास दिसतो.

मंजिरी
शिरांच्या टेस्टबद्दल मी एक शब्द काढला नव्हता, ती मलाही भरवशाची वाटत नाही. पण सगळे विंटरमध्ये हा आक्षेप जुन्या चार खान्यांना लागू होतो हो. बारा सीझनमध्ये गडद केस-डोळेवाल्यांसाठीच डीप ऑटम, डीप विंटर, ब्राइट विंटर, सॉफ्ट ऑटम असे वेगवेगळे गट आहेत आणि त्यांचे हिरवे खूप वेगळे निघतात. सॉफ्ट ऑटमला धुरकट शेवाळी खुलतो, ब्राइट विंटरला तोच शेवाळी घातला तर आजारी दिसेल माणूस. दोघांचेही केस काळेच!

धागादोरा
मी कापड रंगवण्याच्या कामात आहे म्हणून लिहितो. तुम्ही दोघं माणसाबद्दल भांडताय, कापडाकडे कोणी बघत नाहीये.

तोच रंग, तेच प्रमाण, पण सुती कापडावर आणि रेशमावर बघा. रेशमावर चमक असते, प्रकाश पडतो तिथे फिका, चुणीत गडद, म्हणून हिरवा खोल आणि जिवंत वाटतो. सुती कापडावर तो सपाट बसतो. मखमलीवर अजून गडद, कारण प्रकाश लवेतच अडकतो. त्यामुळे "बॉटल ग्रीन मला चालतो" हे अर्धंच वाक्य झालं, कशावर ते पण सांगा.

दुसरं, दुकानातला उजेड. दोन हिरवे एका दिव्याखाली सारखे दिसतात आणि बाहेर उन्हात एक पिवळट, एक निळसर निघतो, कारण दोन्हीत घातलेले रंग वेगळे असतात आणि दिव्याच्या उजेडात सगळ्या लहरी सारख्या प्रमाणात नसतात. आमच्याकडे शेड पास करताना म्हणूनच वेगवेगळ्या दिव्यांखाली धरून बघतात. ऑलिव्ह, करडट हिरवा, सेज या शेड यात जास्त फसवतात. तेव्हा कपडा दाराबाहेर नेऊन बघा, सीझन नंतर.

शेवंती
मला या सगळ्याचा त्रासच होतो, मोकळेपणाने सांगते. आधी म्हणायचे सावळ्या मुलींनी पोपटी घालू नये, आता म्हणतात डीप ऑटमवाल्यांनी पोपटी घालू नये. फरक काय झाला सांगा ना? लहानपणापासून "तुझ्या रंगाला हे नको" ऐकत आलेल्या बाईला परत एक कार्ड हातात द्यायचं आणि म्हणायचं की एवढेच घाल. मला पोपटी आवडतो, घातला की मी ताठ चालते, आणि आरशात मी छान दिसते. "खुलून दिसणं" म्हणजे डोळ्याखालची वर्तुळं लपणं एवढंच आहे का?

मंजिरी
शेवंती, तुझा मुद्दा मला लागला गं, आणि तो खरा आहे. "तुझ्या रंगाला नको" म्हणणारे त्वचा किती काळी-गोरी एवढंच बघायचे आणि गोरं दिसणं हेच ध्येय धरायचे. इथे गोरं दिसायचा प्रश्नच नाहीये, उलट चुकीचा फिका रंग घातला की गडद त्वचा राखाडी दिसते आणि बरोबर शेडमध्ये तिची मूळ चमक दिसते. आणि घालू नको कोण म्हणतंय, गळ्यापासून लांब घाल ना! पोपटी पँट, पोपटी स्कर्ट, पोपटी बॅग, चेहऱ्याला त्याचा काहीच फरक पडत नाही.

शेवंती
पण मला कुर्ताच हवाय पोपटी, गळ्यापर्यंत.

निळासावळा
शेवंतीला पूर्ण पाठिंबा. आणि पोपटी का अवघड जातो त्याचं कारण सीझनमध्ये नाहीच मुळी. दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा साधारण ५५५ नॅनोमीटरला सगळ्यात जास्त संवेदनशील असतो, म्हणजे पिवळसर हिरव्याला. रस्त्यावर काम करणाऱ्यांची जॅकेटं म्हणून तर त्या रंगाची असतात. झगझगीत पोपटी कोणीही घातला, गोरा असो की काळा, आधी शर्ट दिसणार मग माणूस. फक्त ज्याच्या चेहऱ्यातच जोरदार कॉन्ट्रास्ट आहे, म्हणजे दाट काळ्या भुवया, स्वच्छ पांढरे डोळे, ठळक ओठ, तो टिकून राहतो. सावळ्या माणसांवर पोपटी अनेकदा मस्त दिसतो तो यामुळेच, आणि सीझनचे चार्ट त्यांना तोच नाकारतात. म्हणून मी म्हणतो, अंडरटोन, म्हणजे त्वचेखालची उबदार-थंड झाक, सोडा, कॉन्ट्रास्ट बघा.

ओली_माती
इतके दिवस नुसतं वाचत होते, आज लिहिते. तुमच्या उबदार-थंड भांडणात आम्ही कुठे बसतो? माझा अंडरटोन ऑलिव्ह आहे, म्हणजे कातडीतच हिरवट झाक. पिवळ्या फाउंडेशनमध्ये मी नारिंगी दिसते, गुलाबीमध्ये मास्क लावल्यासारखी. हिरव्या कपड्यांचं तर विचारूच नका, ऑलिव्ह शर्ट घातला की मान कुठे संपते आणि कॉलर कुठे सुरू होते कळत नाही, चेहरा मातकट. पण गडद निळसर हिरवा, तो पाइनच्या झाडासारखा, तो घातला की लोक विचारतात काय केलंस.

धागादोरा
ओली_माती, तुमच्या बाबतीत दोन गोष्टी एकाच वेळी होतात. एक म्हणजे परावर्तन, फिक्या-भडक हिरव्या कपड्यावरून उजेड उडून हनुवटीखाली आणि जबड्यावर हिरवट पडतो. पांढऱ्या कागदाजवळ हिरवा कपडा नेऊन बघा, कागदाची कड हिरवी होते, तेच चेहऱ्याचं होतं. गडद कपडा उजेड परत फेकतच नाही फारसा, म्हणून पाइन हिरवा तुम्हाला त्रास देत नाही.

दुसरी याच्या उलट. शेवरल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलें विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता, तिथे तक्रार आली की काळा धागा फिका पडतोय. त्याने शोधलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या रंगांमुळे काळा तसा दिसत होता. त्यावर त्याने १८३९ मध्ये अख्खा ग्रंथ छापला. सार असं की प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो. हिरव्याच्या विरुद्ध बाजूला लाल-गुलाबी. म्हणून ठसठशीत थंड हिरवा जवळ आला की निस्तेज चेहऱ्यावर जरा गुलाबी कळा आल्यासारखी वाटते. आणि ज्यांच्या गालांवर आधीच लाली किंवा मुरुमांचे डाग आहेत त्यांचे डाग अजून लाल दिसतात. अशांनी धुरकट हिरवा घ्यावा, तो कमी ढकलतो.

निळासावळा
हे बघा, हे खरं कारण. यात विंटर-समर कुठेही आलं नाही.

मंजिरी
अहो पण शेवटी काय निघालं? निस्तेज चेहऱ्याला ठसठशीत थंड हिरवा, लालसर चेहऱ्याला धुरकट. सीझनवाले हेच तर बघतात, कारण न सांगता. ऋतूंची नावं तुम्हाला खुपत असतील तर नावं सोडा, पण तीन प्रश्न सोडू नका, पिवळ्याकडे की निळ्याकडे, गडद की फिका, स्वच्छ की धुरकट. मन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने रंग मोजायची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली ती याच तीन मापांवर उभी आहे. तुमचा कॉन्ट्रास्ट यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नात येतो, पण पहिला प्रश्न त्याने सुटत नाही. ओली_मातीला गडद ऑलिव्ह देऊन बघा, कॉन्ट्रास्ट तितकाच राहील तरी ती मातकटच दिसेल.

ओली_माती
हो, गडद मेंदी होता माझ्याकडे, तोही नाही चालला. इथे मी मंजिरीच्या बाजूने.

निळासावळा
तीन प्रश्न मान्य. प्रश्न कपड्याला विचारा की, माणसाला शिक्का मारून काय मिळतं? एकदा "मी ऑटम" म्हटलं की माणूस पाइन हिरवा उचलून बघतच नाही, तिथेच नुकसान होतं. आणि आता फोटोवरून सीझन सांगणारी अ‍ॅप्स आलीत, सकाळच्या फोटोत समर आणि रात्रीच्या बल्बखाली ऑटम! फोनचा कॅमेरा स्वतःच रंग दुरुस्त करतो, फ्रेममध्ये हिरवं जास्त असलं तर तो गुलाबी झाक वाढवतो, मग चेहरा गुलाबी दिसतो आणि आपण म्हणतो व्वा, सूट झाला.

शेवंती
कॅमेऱ्याचं हे माहीत नव्हतं. मग फोटो काढून तुलना करायचीच नाही का? मला आरशासमोर निर्णय होत नाही, आवडता कपडा असला की मी त्याच्याच बाजूने बघते.

धागादोरा
करा ना, पण जपून. खिडकीकडे तोंड करून बसा, ऊन थेट तोंडावर नको, घरातले दिवे बंद. आजूबाजूची भिंत पांढरी किंवा करडी असलेली बरी. फोनमध्ये व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची ती रंगदुरुस्ती) लॉक करायची सोय असेल तर करा, नसेल तर एक पांढरा कागद प्रत्येक फोटोत धरा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे दोन हिरवे एकाच फोटोत घ्या, डाव्या खांद्यावर एक, उजव्या खांद्यावर दुसरा, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही केलं तरी दोघांना सारखंच करेल. मग फोटोत कपड्याकडे बघू नका, नाकाच्या बाजूची सावली आणि जबड्याची कड बघा, कुठल्या बाजूला ती घाण दिसते ते.

मंजिरी
आणि शेवंती, पोपटी कुर्ताच हवा असेल तर गळा जरा मोठा घे, किंवा गळ्याशी गडद पाइपिंग नाहीतर बॉटल ग्रीन स्कार्फ घे. परावर्तन तिथेच तुटतं. पोपटीतही थोडा कमी झगझगीत, कोवळ्या पानाच्या जवळचा बघ, दाट भुवया असतील तर तो तुला नक्की पेलेल.

शेवंती
स्कार्फ नको, मोठा गळा चालेल. भुवया दाट आहेत.

निळासावळा
मग भडकवालाच घे, कमी झगझगीत कशाला.