जुनं डिझेल मोटरहोम घेताना: छोटं कमिन्स की मोठं कॅट?

रानवाटा:
चार महिने शोधून अमेरिकेतली दोन जुनी मोटरहोम नक्की केली आहेत, दोन्हींचं इंजिन मागे. एक 2001 चं: कमिन्स आयएसबी, 5.9 लिटर, 275 अश्वशक्ती, पाच गिअरचा ॲलिसन (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). दुसरं 2005 चं: कॅटरपिलर सी7, 350 अश्वशक्ती, सहा गिअरचा ॲलिसन 3000. माझा कौल कमिन्सला. हेच 5.9 डॉजच्या पिकअपमध्ये असायचं, त्यामुळे सुटे भाग आणि मेकॅनिक कुठेही मिळतात. कॅटने तर रस्त्यावरच्या ट्रकांसाठी इंजिनं बनवणं थांबवत असल्याचं 2008 मध्येच जाहीर केलं. मग ते कशाला गळ्यात घ्यायचं? चढावर हळू गेलो तर गेलो, आम्हाला घाई नाही.

घाटमाथा:
अजिबात पटलं नाही. चढाचं सोडा, उतारावर काय कराल? कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्या वर आहे आणि पश्चिमेला बाहेर पडलं की मैलोन् मैल तीव्र उतार. आधी माझ्याकडेही 5.9 होतं, एक्झॉस्ट ब्रेकसह (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा). मागे गाडी टो केलेली. अर्ध्या उतारात जळका वास आला, बायको म्हणाली, “बाहेर काहीतरी जळतंय.” जळत होते आमचेच ब्रेक. कडेला थांबलो तेव्हा पुढच्या चाकाजवळ हात नेववत नव्हता.

आता कमिन्सचंच 8.9 लिटरचं आयएसएल आहे, दोन टप्प्यांच्या कॉम्प्रेशन ब्रेकसह (सिलिंडरमधल्या दाबानेच गाडी रोखणारा). ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ॲलिसन स्वतःच खालचे गिअर घेत जातो आणि पायाचा ब्रेक क्वचितच लागतो. वजन आणि उतार पाहून इंजिन घ्या. मेकॅनिक सापडतो हो, उतारावर दुसरी संधी मिळत नाही.

तेलकट_हात:
उताराचं बरोबर आहे, पण म्हणून सी7 डोळे मिटून घेऊ नका. सगळ्या मोठ्या इंजिनांना कॉम्प्रेशन ब्रेक असतो असं नाही, त्या गाडीत नेमका कोणता आहे ते बघा. सी7 चे इंजेक्टर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतात. ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या मालकाची गाडी असेल तर खर्च तिथेच येतो. कॅटचे भाग मात्र अजून मिळतात, ती भीती सोडा.

5.9 बद्दल रानवाटा यांनी एक गोष्ट धरलेलीच नाही. 24 व्हॉल्व्हच्या त्या काळातल्या काही ब्लॉकवर ‘53’ हा आकडा ओतीव अक्षरात उठलेला असतो. ते ब्लॉक पाण्याच्या जॅकेटजवळ (इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतं तिथे) बाहेरून तडकण्यासाठी बदनाम आहेत. टॉर्च घेऊन गाडीखाली जा, चिकट काजळी पुसा, आकडा बघा. शिवाय 2002 पर्यंतच्या या इंजिनांत व्हीपी44 इंजेक्शन पंप आहे. तो डिझेलनेच थंड राहतो. त्याला टाकीतून डिझेल पुरवणारा छोटा लिफ्ट पंप कमकुवत झाला की याचाही जीव जातो.

रानवाटा:
53 ची माहिती नव्हती, आभार. तरी विचारते, गाडी 24,000 पौंडांची आहे. एवढ्याला 5.9 कमी पडेल?

घाटमाथा:
सपाटीवर नाही पडणार. टो केलेली गाडी धरून 28,000 झाली की डोंगरात पडेल. रॉकीजमध्ये जाणार असाल तर माझा नकार कायम.

नवी_दिशा:
2010 नंतरचं का नाही पाहत?

तेलकट_हात:
त्यात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि डीईएफ (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचा द्रव) दोन्ही आले. 2021 मध्ये चिपटंचाईत डीईएफ टाकीतला सेन्सर मिळेना आणि धडधाकट मोटरहोम गॅरेजबाहेर उभी राहिली. मी तरी या दोन्हींच्या आधीचं, म्हणजे 2007 आधीचंच घेईन, पण ऑइलचा नमुना लॅबला पाठवूनच. ॲलिसनचंही तेल सिंथेटिक असेल आणि फिल्टर कधी बदलला याची पावती असेल तर निम्मी काळजी गेली. पावत्या नसतील तर तो सौदा मी सोडतो.

रानवाटा:
सी7 च्या मालकाकडे 2011 पासूनच्या पावत्या आहेत, कमिन्सवाल्याकडे काहीच नाही. शनिवारी टॉर्च घेऊन दोन्हींच्या खाली शिरणार. सी7 ला कॉम्प्रेशन ब्रेक आहे का, तेही तेव्हाच कळेल.

घाटमाथा:
मागचा रेडिएटरही बघा. ब्रीदरच्या नळीतून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी) उडणारं तेल त्यावर बसून धूळ चिकटते, आणि मग चढावर तापमान वाढतं ते इंजिनाचा दोष समजून लोक भलतीकडेच पैसे घालतात.