कारवानी कुत्रीला द्राक्षं चालतात का? (तासगाव तालुका)

मळेकरी_मणेराजुरी
नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीवर बिजली नावाची कारवानी कुत्री आहे, वजन २२ किलोच्या आसपास. भाकरी खायला शंभर नखरे, पण फळ दिसलं की शेपूट थांबत नाही. आता बागेत माल उतरायला लागलाय, वेलीखाली मणी पडतात आणि बांधापलीकडं बेदाण्याची शेड आहे. पुण्याचा मेव्हणा म्हणतो द्राक्ष म्हणजे कुत्र्याला विष. आमचे आजोबा हसतात. म्हणतात, द्राक्षानं कुत्री मरत असती तर तासगावात राखणीला कुत्रं उरलं नसतं. खरं कुणाचं? आणि द्राक्ष नाही तर खाऊ म्हणून कुठलं फळ द्यावं?

जतचा_पैलवान
काय होत नाय भावा. आमचं कुत्रं रोज पडलेले मणी खातंय, एकदम ठणठणीत हाय. इंटरनेटवरचं खूळ सगळं.

शेडवाली_काकू
पैलवान, तुमच्या कुत्र्याला काही झालं नाही यावर माझा विश्वास आहे. तरी मेव्हणा बरोबर आहे.

माझी सावळजला बेदाण्याची शेड आहे आणि राखणीला कुत्रीही आहेत, त्यामुळं हा विषय मी डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडलाय. द्राक्षानं कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. सगळ्याच कुत्र्यांचं होत नाही, आणि तिथंच आजोबांसारखी माणसं फसतात. एक कुत्रं ओंजळभर खाऊन शेपूट हलवत फिरतं, दुसरं थोडक्यात आडवं होतं. अमुक मण्यांपर्यंत चालतं असा खात्रीचा आकडा कुणीच देत नाही.

कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. आपल्याकडं लोक लगेच फवारणीला दोष देतात, पण औषध न मारलेल्या परसातल्या वेलीची द्राक्षं खाऊनही कुत्री आजारी पडली आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राच्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडं बोट दाखवलं. द्राक्षाचा आंबटपणा बराचसा त्याचाच. जातीनुसार, पिकण्यानुसार ते कमीजास्त होतं, म्हणून एकाला बाधतं नि दुसऱ्याला नाही, हे पटण्यासारखं आहे. हेच आम्ल चिंचेत भरपूर, तेव्हा चिंचेचे बुटुकही कुत्र्यापुढं टाकू नका.

आता शेडचं. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा होतो हे तुला मी सांगायला नको. पाणी उडतं, आम्ल राहतं. म्हणजे मूठभर बेदाणा ही मूठभर द्राक्षापेक्षा कितीतरी वाईट गोष्ट. रॅकखाली सांडलेला माल, प्रतवारीत काढलेला काळा माल, घरात शिऱ्यातले बेदाणे, पोरांच्या हातातला फ्रूट केक, सगळं त्यातच आलं. सोनाका असो, माणिक चमन असो, बियांची काळी मनुका असो, फरक नाही.

बिजलीनं खाल्लंच तर लक्षणांची वाट बघत बसू नको. बहुतेक वेळा पहिल्या दिवसातच उलट्या सुरू होतात, मग खाणं सुटतं, मरगळ येते, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होऊन बंद पडते. त्या टप्प्यावर डॉक्टरच्याही हातात फार उरत नाही. पहिल्या दोनेक तासांत नेलंस तर ते उलटी काढतात, सलाईन लावतात, रक्तात क्रिएटिनिन बघतात, म्हणजे मूत्रपिंड नीट चाललंय का ते कळतं. फोनवर तीन गोष्टी सांग: वजन, काय आणि किती खाल्लं, कधी खाल्लं. आणि वस्तीवरची ती मिठाचं पाणी पाजायची पद्धत करू नको. त्यानं रक्तातलं मीठ वाढून वेगळंच संकट उभं राहतं.

मळेकरी_मणेराजुरी
काकू, आजोबांना वाचून दाखवलं. म्हणाले, बाई शहाणी दिसतीय. 🙂 उद्याच शेडच्या बाजूनं जाळी मारून घेतो. आता खाऊचं सांगा. आंबा, चिकू, बोरं, सीताफळ?

शेडवाली_काकू
आजोबांना नमस्कार सांग.

गर चालतो, बी नको, एवढं धरून चाल. आंब्याची फोड दे, कोय हातातून सोडू नको. कारवानी जात घाईची, कोय गिळली की आतड्यात अडकते आणि पोट फाडायची वेळ येते. चिकूची बी टोकदार आकड्याची, ती काढून पिकलेला गर दे. बोराची आठळी कोण काढत बसणार, बोरं राहू देत. सीताफळाच्या बियांत विष असतं आणि एकेक पाकळी सोलण्याएवढा वेळ तुला सुगीत मिळणार नाही. सफरचंदाचा मधला बियांचा भाग काढून टाक. केळ्याच्या दोन-तीन चकत्या, पिकल्या पपईच्या बिया काढलेल्या फोडी, हे सगळ्यात बिनघोर. डाळिंबाच्या दाण्यांनी पोट बिघडतं, आटपाडीकरांनी रागावू नये.

आणि फळ म्हणजे जेवण नव्हे. दिवसभराच्या खाण्यातल्या उष्मांकांचा दहावा हिस्सा खाऊला, त्यात बिस्किटंही धरायची. साखर फळातही असतेच. भाकरीचे नखरे आहेत म्हणतोस, ते फळं थोडी कमी केलीस की आपोआप कमी होतील.

वाईकर
आमच्याकडचंही घ्या. स्ट्रॉबेरी चालते. धुऊन, देठ काढून, एखाददुसरी. पण महाबळेश्वर-पाचगणीहून येताना आणलेला जॅम, क्रश नको, निव्वळ साखर. बिनसाखरेचं काही असेल तर डबा उलटा करून झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का बघा. त्यानं कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्यानं उतरते, जीव जातो. आमच्या सातारा जिल्ह्यात शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण तासगावहून तिथवर येण्यात वेळ घालवू नका. सांगली-मिरजेतल्या एखाद्या डॉक्टरचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवा.

जतचा_पैलवान
बरं, बेदाणा बंद करतो. मण्यांचं बघू.

शेडवाली_काकू
मण्यांचंही बंद करा पैलवान. तोडणी संपेपर्यंत साखळीला बांधा, नाहीतर तोंडाला जाळी घाला.

मळेकरी_मणेराजुरी
शेवटचं एक. कलिंगड? बिया काढून देईन. साल चघळायला दिली तर?

शेडवाली_काकू
लाल गर दे, उन्हाळ्यात बरं वाटेल तिला. साल म्हशीला घाल.