लंडनच्या बँकेतली परमनंट नोकरी सोडून इनसाइड कॉन्ट्रॅक्ट: दिवसाला ६०० पाउंड परवडतात का?

कोथरूड_ते_क्रॉयडन:
लंडनमधल्या एका इन्व्हेस्टमेंट बँकेत जावा डेव्हलपर आहे, व्हीपी ग्रेड, सहा वर्षं झाली. बेसिक ९५,००० पाउंड, बँकेकडून पेन्शन १०%, बोनस १२,००० च्या आसपास. नोटीस पिरियड तीन महिने. आयएलआर (यूकेत कायम राहण्याची परवानगी) हातात आला, त्यामुळे व्हिसासाठी स्पॉन्सरची अट आता नाही. दुसऱ्या बँकेत सेटलमेंट सिस्टीमवर (शेअरच्या सौद्यांतले पैसे आणि शेअर प्रत्यक्ष हस्तांतरित करणारी यंत्रणा) सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळतंय: दिवसाला ६००, इनसाइड आयआर३५ (म्हणजे करासाठी नोकरदारच धरतात), अंब्रेला कंपनीतून (कॉन्ट्रॅक्टरला आपल्या पेरोलवर घेणारी मधली कंपनी). २२० दिवस धरले तर १,३२,००० होतात. इकडे आमच्या टीमचं काम टप्प्याटप्प्याने पुण्याच्या ऑफिसला चाललंय, म्हणजे ही खुर्ची कायमची नाही हे दिसतंय. बायको पूर्णवेळ नोकरी करते, मुलगी दोन वर्षांची, नर्सरीत जाते. राजीनामा द्यावा का? एजन्सीला या आठवड्यात उत्तर हवंय.

आकडेमोड:
१,३२,००० हा आकडा आधी डोक्यातून काढा. तो तुमचा पगार नाही. बँक एजन्सीमार्फत अंब्रेलाला जी रक्कम देते, ती ही. त्यातून मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्ससुद्धा (एनआय) तुमच्याच पैशातून जातो.

२०२५-२६ च्या दराने हिशोब असा. अंब्रेलाचं मार्जिन आठवड्याला २५ पाउंड धरलं तर ४४ आठवड्यांचे १,१०० गेले. उरलेल्या १,३०,९०० मध्ये तुमचा ग्रॉस (कर कापण्याआधीचा पगार), त्यावर ५,००० च्या वर १५% एम्प्लॉयर एनआय, आणि ०.५% अप्रेंटिसशिप लेव्ही (मालकावरचा आणखी एक कर), एवढं सगळं बसवायचं. उलटं गणित केलं की ग्रॉस येतो साधारण १,१४,०००. सुट्टीचा पगारही यातच. पेस्लिपवर १२.०७% ‘हॉलिडे पे’ वेगळा दिसतो, पण तो वरून कोणी देत नाही, तुमचाच पैसा वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो. अंब्रेलाच्या पेन्शनमध्ये राहिलात तर मालकाचे किमान ३% सुद्धा याच रकमेतून कापले जातात.

तुमची आजची नोकरी: ९५,००० + ९,५०० पेन्शन + १२,००० बोनस = १,१६,५००. म्हणजे २२० दिवस भरूनही ६०० च्या दरात तुम्ही आजच्यापेक्षा थोडे खालीच आहात.

आणि २२० दिवस भरतीलच असं नाही. अनेक बँका डिसेंबरात कॉन्ट्रॅक्टरना दोन-तीन आठवडे बिनपगारी घरी बसवतात. दोन कॉन्ट्रॅक्टच्या मध्ये महिना रिकामा जाऊ शकतो. २०० दिवस धरले तर ग्रॉस १,०३,७०० च्या आसपास उतरतो.

अंदाजासाठी सोपी पद्धत: इनसाइड दर गुणिले १९० म्हणजे २२० दिवसांचा ग्रॉस, गुणिले १७३ म्हणजे २०० दिवसांचा. तुमच्या बाबतीत २०० दिवस धरून बरोबरी व्हायलाच ६७५ लागतील. मेडिकल, लाइफ कव्हर आणि सहा वर्षांच्या नोकरीचे हक्क सोडायची किंमत धरली तर ७०० च्या खाली मी बोलणंच करणार नाही.

एचआर_टेबल:
वरचा हिशोब बरोबर आहे, पण माझ्या मते दराहून मोठा मुद्दा वेगळाच आहे. काम पुण्याला हलतंय असं तुम्ही म्हणताय. मग स्वतःहून राजीनामा देऊ नका.

इंग्लंडात दोन वर्षं पूर्ण झाली की रिडंडन्सीचा (जागाच रद्द झाल्याने नोकरी गेली तर भरपाईचा) कायदेशीर हक्क लागू होतो. कायद्याने मिळणारी रक्कम किरकोळ आहे: २०२५-२६ मध्ये आठवड्याला कमाल ७१९ पाउंड, २२ ते ४० वयातल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला एक आठवडा, म्हणजे सहा वर्षांचे ४,३१४. पण मोठ्या बँका सहसा यापेक्षा बरंच जास्त पॅकेज देतात. तुमच्या बँकेची पॉलिसी इंट्रानेटवर असेल, ती आजच वाचा. रिडंडन्सीचे पहिले ३०,००० पाउंड करमुक्त असतात. नोटीसऐवजी मिळणाऱ्या पगारावर मात्र पूर्ण कर लागतो. राजीनामा दिलात की यातलं काहीच उरत नाही. बोनसही बहुतेक ठिकाणी पैसे जमा होण्याच्या दिवशी नोटीसवर असाल तर मिळत नाही. डिफर्ड शेअर (बोनसचा पुढच्या वर्षांत मिळायचा भाग) असतील तर तेही सहसा बुडतात.

तीन गोष्टी करा. एक, ऐच्छिक रिडंडन्सीची योजना येणार आहे का ते मॅनेजरला विचारा. असं विचारणं म्हणजे राजीनामा नव्हे. दोन, ९० दिवसांत २० किंवा जास्त लोक कमी होणार असतील तर बँकेला किमान ३० दिवस आधी सल्लामसलत सुरू करावी लागते, १०० किंवा जास्त असतील तर ४५ दिवस. त्यामुळे एका रात्रीत बाहेर काढतील ही भीती नको. तीन, पुण्याच्या टीमला काम शिकवण्याच्या काळात तुमची गरज असते. सोडण्याच्या तारखेबद्दल तुमचं म्हणणं याच काळात ऐकलं जातं.

ड्राफ्ट_नीट_वाचा:
तीन महिन्यांची नोटीस हीच तुमची पहिली अडचण ठरेल. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना माणूस दोन ते चार आठवड्यांत हवा असतो. ‘थांबतो’ म्हणणारा हायरिंग मॅनेजर बजेट गोठलं की काही करू शकत नाही, आणि वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत बजेट गोठणं नेहमीचंच. त्यात बँकेचं व्हेटिंग, म्हणजे पार्श्वभूमीची तपासणी: पाच वर्षांचे पत्ते, प्रत्येक नोकरीचा पुरावा, क्रेडिट, गुन्हेगारी नोंद. भारतातला काही काळ त्या पाच वर्षांत येत असेल तर पोलीस क्लिअरन्स मागतात आणि आठवडे लांबतात. व्हेटिंग पूर्ण झाल्याचा लेखी ईमेल येण्याआधी राजीनामा टाकू नका.

एजन्सीच्या करारात हे शोधा:

नोटीस. ‘दोन्ही बाजूंनी चार आठवडे’ असं लिहिलेलं असतं. खाली कुठेतरी दुसरं कलम असतं: काम देण्याचं बंधन बँकेवर नाही, आणि पैसे फक्त मंजूर टाइमशीटचे. दोन्ही एकत्र वाचा. सोमवारी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं तर चार आठवडे कागदावर चालू राहतात आणि पैसे शून्य. ‘नोटीसच्या काळात काम नाही दिलं तरी पैसे’ असं लेखी मागा. नाही मिळालं तर नोटीस नाहीच असं समजून दर ठरवा.

ऑप्ट-आउट. २००३ च्या एजन्सी नियमांतून बाहेर पडण्याचा एक कागद इतर कागदांत घालून सहीला पाठवतात. ते ऐच्छिक असतं. सही केलीत की दोन संरक्षणं जातात: बँकेने पैसे दिले नाहीत तरी एजन्सीने द्यायचे, आणि त्याच बँकेत थेट लागायला एजन्सी किती काळ आडकाठी करू शकते याची मर्यादा.

की इन्फर्मेशन डॉक्युमेंट. एप्रिल २०२० पासून एजन्सीने करारावर सही होण्याआधी हे द्यायलाच हवं. दरातून काय काय कापून हातात किती येईल याचं नमुना गणित त्यात असतं. वर ‘आकडेमोड’ यांनी दिलेल्या हिशोबाशी ते ताडून बघा.

आणि जी अंब्रेला ‘८५% हातात’ म्हणेल तिथून तडक निघा. खऱ्या पेरोलवर ते शक्य नाही. पगाराचा काही भाग कर्ज किंवा अॅडव्हान्स म्हणून दाखवणाऱ्या त्या योजना असतात, आणि कराची नोटीस पुढे तुमच्या नावाने येऊ शकते.

कोथरूड_ते_क्रॉयडन:
सगळ्यांचे मनापासून आभार. रिडंडन्सीचा कोन डोक्यातच नव्हता. एक विचारतो: दर ७०० पर्यंत गेला तर? आणि त्याच बँकेला आउटसाइड (नोकरदार न धरता, स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून) मागता येईल का?

आकडेमोड:
आउटसाइड विसरा. ६ एप्रिल २०२१ पासून इनसाइड की आउटसाइड हा दर्जा ठरवायची जबाबदारी क्लायंटवर, म्हणजे काम देणाऱ्या बँकेवर आली, आणि जोखीम नको म्हणून बऱ्याच बँकांनी लिमिटेड कंपनीवाले घेणंच बंद केलं. आउटसाइड काम असतं ते बहुधा छोट्या सल्लागार कंपन्यांमार्फत, ठरलेल्या डिलिव्हरीवर.

७०० ला २२० दिवसांत ग्रॉस सुमारे १,३३,०००. पण तुमच्या घरात दोन वर्षांची मुलगी आहे, तिकडे लक्ष द्या. दोघांपैकी एकाचंही अॅडजस्टेड नेट इन्कम (पेन्शनमध्ये टाकलेली रक्कम वजा जाऊन उरणारं उत्पन्न) वर्षाला १,००,००० च्या वर गेलं की इंग्लंडातले नर्सरीचे आठवड्याला ३० मोफत तास आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर (पाळणाघराच्या खर्चाला सरकारी मदत) दोन्ही जातात. हळूहळू कमी होत नाहीत, एक पाउंड जास्त झाला तरी पूर्ण बंद. शिवाय १,००,००० ते १,२५,१४० मध्ये पर्सनल अलाउन्स (करमुक्त उत्पन्नाची मर्यादा) कमी होत जातो, त्यामुळे त्या टप्प्यात एनआय धरून ६२% जातात.

उपाय एकच चांगला: सॅलरी सॅक्रिफाइसने पेन्शन, म्हणजे पगाराचा काही भाग हातात न घेता थेट पेन्शनमध्ये. वर्षाची मर्यादा ६०,००० आहे, त्यामुळे ३३,००० हून थोडे जास्त आत टाकून १,००,००० च्या खाली राहणं नियमात बसतं. अंब्रेलात याचा जादा फायदा म्हणजे त्या रकमेवरचा एम्प्लॉयर एनआयही वाचतो, कारण तो तुमच्याच खिशातून जात होता. मात्र सगळ्या अंब्रेला ही सोय देत नाहीत आणि काही वाचलेला एनआय स्वतःकडे ठेवतात. आधी विचारा. दर तीन महिन्यांनी चाइल्डकेअरची पात्रता पुन्हा नोंदवावी लागते, ती तारीख चुकवू नका. आणि बोनस, नोटीसचा पगार व कॉन्ट्रॅक्टची कमाई एकाच करवर्षात आली तर सहज १,००,००० ओलांडाल. ५ एप्रिलच्या अलीकडे काय येतं आणि पलीकडे काय, हे मांडून बघा.

एचआर_टेबल:
सेटलमेंटच्या कामाला मागणी राहील. यूके, युरोपियन युनियन आणि स्वित्झर्लंड ११ ऑक्टोबर २०२७ ला टी+१ वर (सौद्याच्या दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी सेटलमेंट) जाणार आहेत, आणि भारतात ते पूर्णपणे जानेवारी २०२३ पासून चालू आहे. मुलाखतीत तो अनुभव जरूर मांडा, दर वाढवून मागायला ते खरं कारण आहे. म्हणून या आठवड्यातल्या उत्तराची घाई करू नका. एजन्सीला लिहा: दर ७०० हवा, सुरुवात नोटीस संपल्यावर, व्हेटिंग आधी. दरम्यान पॅकेजचं विचारा.

मध्ये सुट्टी मिळाली म्हणून दोन-तीन महिने पुण्यात राहायचा विचार असेल तर नागरिकत्वाच्या अर्जाआधीच्या शेवटच्या १२ महिन्यांत बाहेरचे दिवस ९० च्या आत ठेवा, पाच वर्षांत मिळून ४५०. तिथे बसून लंडनचं कॉन्ट्रॅक्ट चालवू असंही गृहीत धरू नका, बँकेचा लॅपटॉप परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं हा सहसा तत्काळ करार संपवण्याचा मुद्दा असतो.