चार्जरच्या चाळीस मिनिटांच्या सिम्युलेशनला अकरा महिने लागणार. मॉडेल लहान कसं करू?

हिंगणारोड

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत एका लहान कंपनीत ई-रिक्षाचे चार्जर बनवतो. ४८ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी, १५ अँपिअर, डीसी-डीसी भाग फुल ब्रिज (चार स्विचचा), १०० किलोहर्ट्झ, हार्ड स्विचिंग (व्होल्टेज-करंट असतानाच स्विचची उघडझाप).

तक्रार अशी, की पत्र्याच्या शेडमध्ये लावलेले नग मे महिन्याच्या दुपारी साधारण चाळीस मिनिटं चालतात आणि ओव्हर-टेंपरेचरवर बंद पडून राहिले. संध्याकाळी लावला की तोच नग बिनबोभाट पूर्ण चार्ज करतो. साहेब म्हणतात हीटसिंक मोठा करा. मोठा हीटसिंक म्हणजे मोठा डबा, मोठा डबा म्हणजे नवीन डाय, म्हणजे साचा. म्हणून आधी सिम्युलेशनवर बघावं म्हटलं.

एलटीस्पाइस हे सर्किट सिम्युलेशनचं फुकट सॉफ्टवेअर वापरतो. मॉस्फेटचं (स्विच म्हणून वापरलेल्या ट्रान्झिस्टरचं) मॉडेल कंपनीच्या साइटवरून घेतलं, ट्रान्सफॉर्मर लीकेजसकट आहे. २० मिलिसेकंद चालवायला ४ मिनिटं लागतात. ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद, म्हणजे असे १ लाख २० हजार तुकडे, म्हणजे ३३३ दिवस. उत्तर थेट पुढच्या एप्रिलात. वरून पीसीबीच्या पॅरासिटिकची (बोर्डच्या पट्ट्यांत आपोआप येणाऱ्या रेझिस्टर-इंडक्टर-कॅपॅसिटरची) फाइल आहे, सहा हजारांच्या वर आर-एल-सी. ती जोडली की लॅपटॉप मान टाकून देतो. लायसन्सचं सॉफ्टवेअर कोणी घेऊन देणार नाही. काय करावं?

बर्डीकर

भाऊ, एवढा व्याप काहून? थर्मोकपल चिकटवा, डबा बंद करा, शेडमध्ये नेऊन चालवा. चाळीस मिनिटांत उत्तर. गणित नंतर करत बसा.

हिंगणारोड

लावलं ना भाऊ. डब्यातली हवा ५८, हीटसिंक ९५, आणि ९५ वरच ट्रिप आहे. पण गेट रेझिस्टर बदलला तर काय होईल, फिन वाढवल्या तर काय, डब्याला जाळी पाडली तर काय, हे सगळं बनवून बनवून पाहायला मे महिना पुरत नाही.

जुना_एसएमपीएसवाला

बर्डीकरांचं म्हणणं मोडीत काढू नका, ते ५८ आणि ९५ हे दोन आकडे सोन्यासारखे आहेत. त्यांच्याशिवाय मी पुढचं लिहूच शकलो नसतो.

आता तुमच्या मॉडेलकडे बघा. एकाच फाइलमध्ये तुम्ही नॅनोसेकंदात वाजणारं रिंगिंग (स्विच झाल्यावरची व्होल्टेजची थरथर), १० मायक्रोसेकंदांचं स्विचिंग आणि मिनिटामिनिटाने तापणारं अ‍ॅल्युमिनियम कोंबलं आहे. सिम्युलेटर बिचारा सर्वात वेगवान गोष्टीच्या पावलाने चालतो. २४०० सेकंदांत २४ कोटी सायकल. प्रत्येकीला २०० पावलं धरली तरी ४८०० कोटी. आणि यातली कोणती सायकल तुम्हाला बघायची आहे? एकही नाही. तुम्हाला हीटसिंकचं तापमान हवं आहे. एका सायकलमध्ये ते हलतसुद्धा नाही.

तर पहिलं काम, स्विच सरासरीत काढा. मिडलब्रुक आणि चुक यांनी १९७६ मध्ये स्टेट-स्पेस अ‍ॅव्हरेजिंग मांडलं, तेव्हापासून पॉवर सप्लायवाले हेच करत आले आहेत. तुमच्या ब्रिजच्या जागी एक बी-सोर्स (सूत्राने चालणारा सोर्स): ड्यूटी (सायकलमध्ये स्विच चालू असण्याचा वाटा) गुणिले बस व्होल्टेज गुणिले टर्न्सचं गुणोत्तर. इनपुटच्या बाजूला त्याच पटीत करंट ओढणारा दुसरा. इंडक्टर, कॅपॅसिटर, बॅटरी जशीच्या तशी. स्विचिंग गेलं, फक्त संथ वळणं उरली. हे मॉडेल स्विचिंग फ्रिक्वेन्सीच्या निम्म्याच्या बरंच खाली भरवशाचं असतं, आणि तापमान तर हर्ट्झच्याही खाली आहे. पुढे पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारा भाग) असेल तर त्याचीही ५० हर्ट्झवर आणखी एकदा सरासरी काढा. गरम होण्याला लाइनच्या रिपलशी देणंघेणं नाही.

पण इथेच मेख आहे. सरासरी काढताना स्विचिंग लॉसही नाहीसा होतो, आणि नेमका तोच तुमचा हीटसिंक तापवतो. तो बाहेरून परत आणावा लागतो. त्यासाठी वेगळी, अगदी छोटी फाइल करा: एक मॉस्फेट, एक डायोड, एक इंडक्टर, दोन पल्स. काही मायक्रोसेकंदांचं काम. इथे मात्र कंपनीचं जड मॉडेलच ठेवा. करंट ५, १०, १५ असा बदलत, जंक्शन (मॉस्फेटच्या आतली चिप) २५ आणि १२५ अंशांवर ठेवून, चालू होतानाची आणि बंद होतानाची ऊर्जा मोजा आणि टेबल बनवा. (५, १०, १५ हा तुमचा आउटपुट करंट. प्रायमरीत तो टर्न्सच्या गुणोत्तराने पडेल, तेवढं सांभाळा.) मोठ्या मॉडेलमध्ये लॉस म्हणजे १ लाख गुणिले या दोन ऊर्जांची बेरीज, अधिक आरएमएस करंटचा वर्ग गुणिले आर-डीएस-ऑन (चालू मॉस्फेटचा रेझिस्टन्स). आणि तो आर-डीएस-ऑन २५ अंशांचा धरू नका. ६०० व्होल्टच्या वर्गातल्या सिलिकॉन मॉस्फेटमध्ये १२५ ला तो दुपटीच्या आसपास जातो. गरम झाला की लॉस वाढतो, लॉस वाढला की आणखी गरम. हा वेढा मॉडेलमध्ये बंद झालाच पाहिजे.

आता थर्मल. डेटाशीटमधलं आरसीचं जाळं (उष्णतेला अडथळा म्हणजे आर, उष्णतेची साठवण म्हणजे सी) बहुतेक वेळा फॉस्टर पद्धतीचं असतं. पोरं ते उचलतात आणि त्याच्या शेपटीला हीटसिंकचा आरसी जोडतात. असं चालत नाही. फॉस्टरच्या मधल्या नोड म्हणजे वक्राला बसवलेलं गणित, तिथे कोणतीही खरी जागा नाही. त्यातले कॅपॅसिटर जमिनीला न जाता रेझिस्टरला समांतर असतात, त्यामुळे जंक्शनवरचा झटका त्याच क्षणी हीटसिंकपर्यंत पोचलेला दिसतो. आधी कावरमध्ये, म्हणजे शिडीसारख्या जाळ्यात, बदला. आंशिक अपूर्णांकांचं कंटिन्यूड फ्रॅक्शन करायचं, वहीत होण्यासारखं आहे. मग प्रत्येक कॅपॅसिटर जमिनीला जातो आणि पुढे पॅड, हीटसिंक, डब्यातली हवा असं बिनधास्त जोडत जा.

तुमचा हीटसिंक ४०० ग्रॅमचा धरतो, वजन करून बघा. अ‍ॅल्युमिनियमची विशिष्ट उष्णता किलोला ९०० ज्यूलच्या आसपास, म्हणजे ३६० ज्यूल प्रति अंश. रेझिस्टन्स वॅटला १.२ अंश धरला तर टाइम कॉन्स्टंट (तापण्याची चाल सांगणारा वेळ) ४३२ सेकंद, सात मिनिटांच्या थोडा वर. ५८ वरून ९५ म्हणजे ३७ अंश, म्हणजे साधारण ३१ वॅट त्यावर पडत आहेत. आणि चाळीस मिनिटं म्हणजे साडेपाच टाइम कॉन्स्टंट! नग सुसाट तापत जाऊन ट्रिप होत नाही आहे. तो जवळजवळ स्थिरावला आहे आणि शेवटच्या अर्ध्या-एक अंशाने उंबरठा ओलांडतो आहे. ३ वॅट कमी झाले तरी साडेतीन अंश मोकळे होतात. नवीन डायची गोष्ट साहेबांना सध्या करू नका.

या मॉडेलला ०.१ सेकंदाचं पाऊल चालतं. २४ हजार पावलं. चहा मागवायच्या आत होईल.

अंबाझरी_आरसी

सरांनी मुख्य गाठ सोडवलीच आहे. मी फक्त त्या सहा हजारांच्या फाइलबद्दल लिहिते, कारण माझं रोजचं काम तेच, फक्त चिपवरच्या तारांसाठी.

तापमानाच्या मॉडेलमध्ये ती फाइल घालूच नका, दादा. ती लागेल गेट रेझिस्टरच्या प्रश्नाला. रेझिस्टर कमी केला की एज वेगवान, लॉस कमी, पण रिंगिंग वाढतं आणि डायोडवरचं व्होल्टेज उसळतं. ते बघायला सरांच्या दोन पल्सच्या फाइलमध्ये पॅरासिटिक हवेत, पण सहा हजार नकोत.

एल आणि सी मिळून एक मॅट्रिक्स, आर आणि जोडण्या मिळून दुसरं. हे सगळं लिनियर आहे. मॉस्फेट, डायोड बाहेर ठेवा. ते जिथे जोडले जातात ते पोर्ट. पोर्टमधून आत बघताना जे दिसतं तेवढं राखायचं, आतल्या नोडचं काय होतं याच्याशी आपल्याला मतलब नाही. १९९० मध्ये पिलेज आणि रोहरर यांनी एडब्ल्यूई (असिम्प्टॉटिक वेव्हफॉर्म इव्हॅल्युएशन) आणलं: ट्रान्सफर फंक्शनचे पहिले काही मोमेंट (विस्तारातले सहगुणक) काढायचे आणि तेवढे जुळवणारं लहान मॉडेल बांधायचं. कल्पना सुंदर, पण मोमेंट काढताना त्याच मॅट्रिक्सने गुणत राहिलं की सगळे व्हेक्टर एकाच दिशेला झुकतात आणि आठ-दहानंतर नवीन माहिती राउंडिंगमध्ये बुडते. म्हणून पुढे लोकांनी प्रत्येक व्हेक्टर आधीच्यांना लंब करत पुढे जायचं ठरवलं, म्हणजे क्रायलॉव्ह पद्धती.

तुम्ही त्यातलीच १९९८ ची प्रिमा ही पद्धत वापरा. लंब व्हेक्टरांचं एक उभं, सडपातळ मॅट्रिक्स तयार होतं. दोन्ही मोठ्या मॅट्रिक्सना डावीकडून त्याच्या ट्रान्सपोजने आणि उजवीकडून त्याने गुणायचं. एवढंच. या गुणाकाराने पॅसिव्हिटी (मॉडेलने स्वतः ऊर्जा निर्माण न करणं) टिकते, आणि तो मुद्दा हलक्यात घेऊ नका. लहान मॉडेल नुसतं स्टेबल असून भागत नाही. दोन स्टेबल तुकडे जोडले की जोडणी ऑसिलेट होऊ शकते, आणि मग माणूस बोर्डवरचं रिंगिंग समजून गणितातलं भूत शोधत बसतो. पॅसिव्हला पॅसिव्ह जोडलं तर तो धोका नाही.

पायथनमध्ये सायपाय लायब्ररीतला स्पार्स एलयू (विरळ मॅट्रिक्स सोडवायचं साधन) घ्या. फॅक्टर एकदाच करायचा, तोच प्रत्येक पायरीला वापरायचा. शून्य फ्रिक्वेन्सीभोवती विस्तार करू नका. डीसी वाट नसलेली नोड असेल तर मॅट्रिक्स सिंग्युलर निघेल. रिंगिंग ३० मेगाहर्ट्झच्या आसपास असेल तर विस्ताराचा बिंदू तिथेच, सुमारे १९ कोटी (२π गुणिले ३० मेगाहर्ट्झ), रिअल घ्या. पोर्ट किती आहेत तुमचे? सहा असतील तर आठ ब्लॉक मोमेंटना ४८ स्टेट, भरपूर झाले. पण मोह होतो म्हणून चाळीस पिनांना पोर्ट करू नका. ब्लॉकची रुंदी पोर्टइतकी असते, आणि लहान झालेलं मॅट्रिक्स गच्च भरलेलं असतं. ३०० चं गच्च मॅट्रिक्स सहा हजारांच्या विरळ मॅट्रिक्सपेक्षा हळू चाललेलं मी पाहिलं आहे.

एलटीस्पाइसमध्ये परत नेताना प्रत्येक स्टेटला एक कॅपॅसिटर आणि जी-सोर्स (व्होल्टेजवर चालणारे करंट सोर्स). कॅपॅसिटर १ फॅरडचा घेतलात तर जी-सोर्सचे आकडे अवाढव्य येतील. १ नॅनोफॅरड घ्या आणि आकडे त्याच पटीत खाली आणा. मग मूळ फाइल आणि लहान फाइल दोन्हींचा एसी स्वीप (फ्रिक्वेन्सी बदलत काढलेला प्रतिसाद) १०० मेगाहर्ट्झपर्यंत एकावर एक ठेवून बघा. जिथे फाटतात तिथपर्यंतच विश्वास.

हिंगणारोड

सर, ताई, दोघांचं करून पाहिलं. हीटसिंक ४३० ग्रॅमचा निघाला. सरासरीचं मॉडेल काही सेकंदांत संपते, विश्वासच बसून नाही राहिला. ५८ च्या हवेत ते ९६ वर स्थिर होते, बोर्डवरही ९५ ला ट्रिप. गेट रेझिस्टर २२ वरून १५ ओहम केला तर मॉडेल ९२ दाखवते. लहान केलेल्या पॅरासिटिकवर डायोडचं उसळणं वाढलं, पण रेटिंगच्या आत आहे. स्नबर (रिंगिंग शोषणारा आर-सी) थोडा वाढवावा लागेल असं वाटते. स्वीप ७० मेगाहर्ट्झपर्यंत जुळला.

एक अडलं. चार्ज संपत आला की करंट एक-दीड अँपिअरवर येतो, तिथे सरासरीचं मॉडेल आउटपुट व्होल्टेज बोर्डपेक्षा कमी दाखवते.

जुना_एसएमपीएसवाला

तिथे इंडक्टरचा करंट शून्याला टेकतो, डिसकंटिन्युअस मोड. ड्यूटी गुणिले व्होल्टेज हे सूत्र तिथे लागूच नाही, आउटपुट लोडवरही अवलंबून राहतं. तापमानासाठी तो भाग सोडून द्या, दीड अँपिअरला हीटसिंक कोमटसुद्धा राहत नाही. फ्लोटमध्ये (चार्ज पूर्ण झाल्यावर) कंट्रोल लूप हलतो का हे बघायचं असेल तेव्हा वोरपेरियन यांचे १९९० चे पीडब्ल्यूएम स्विचवरचे दोन पेपर काढा, दुसरा याच मोडवर आहे. आणि स्नबर वाढवलात की त्याच्या रेझिस्टरचे वॅट डब्यातल्या हवेच्या नोडवर टाकायला विसरू नका, ५८ चे ५९ होतील.

बर्डीकर

१५ ओहमवाला नग तयार झाला की कळवा, माझ्याकडे डेटा लॉगर पडून आहे. शेडमध्ये दुपारी मीच येतो.