अनुभव धागा : एकाच उन्हातले झेंडू आणि टोमॅटो

गच्चीवरची माती (पुणे)

दसऱ्याचा झेंडू आणि रोजच्या आमटीतला टोमॅटो, ही जोडी आपल्यापैकी पुष्कळांच्या बागेत शेजारी शेजारी असते. दोघांनाही दिवसाचं निदान सहा तास थेट ऊन हवं, दोघांनाही मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही, आणि दोघांचंही बी आठवडाभरात उगवून येतं. म्हणून दोघांना एकाच मापानं खतपाणी दिलं जातं. मला ते पटत नाही. झेंडूला फूल आलं की त्याच्याकडून आपल्याला हवं ते मिळालं. टोमॅटोचं फूल ही मात्र सुरुवात असते. पुढे फळ धरायचं, पोसायचं, पिकवायचं, आणि ते सगळं त्याच मुळांवर.

माझ्याकडे झेंडू दहा इंची कुंडीत सुखानं राहतो. टोमॅटोला वीस लिटरची ग्रो बॅग देते. झेंडूला लावताना गांडूळखत आणि कळ्या दिसू लागल्या की मूठभर, एवढंच. जास्त नत्र (नायट्रोजन) मिळालं तर झाड हिरवंगार, पानांनी गच्च होतं आणि फुलांचा पत्ता नसतो. टोमॅटोला फळं धरल्यापासून दर पंधरा दिवसांनी खत लागतंच, त्यातही पालाश (पोटॅश) हवं.

छाटणीत तर दोघं अगदी उलट. झेंडूचं रोप वीतभर झालं की त्याचा शेंडा नखानं खुडायचा. मग खालच्या पेरांतून फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीला कळ्या येतात. उंच वाढणाऱ्या टोमॅटोचा शेंडा राखायचा आणि पानाच्या बगलेत येणारी फूट काढायची. ती बोटभर असतानाच सकाळी मोडली तर जखम दुपारपर्यंत सुकते.

तुमची माती, हवा आणि जात सांगून लिहा. स्वतः करून पाहिलेलंच लिहा, ही विनंती.

शिवारातून (जुन्नर तालुका)

ताई, चांगला विषय काढलात. नारायणगावचा बाजार जवळ, त्यामुळे आमचं मुख्य पीक टोमॅटो. झेंडू आम्ही दोन प्रकारे लावतो : एक दसरा-दिवाळीच्या विक्रीसाठी स्वतंत्र, दुसरा टोमॅटोत सापळा म्हणून.

खताचं म्हणाल तर संकरित टोमॅटोला हेक्टरी ३०० किलो नत्राची शिफारस आहे, झेंडूला १०० किलोची. या आकड्यांतच दोघांची भूक कळते. पाण्याचंही तसंच. झेंडूला वाफसा आल्यावर, म्हणजे जास्तीचं पाणी निचरून माती नुसती ओलसर राहिली की, पुढचं पाणी द्यावं, तो मजेत राहतो. टोमॅटोला फळं लागल्यावर ठिबकनं थोडं थोडं, पण न चुकता पाहिजे. रान कोरडं पडून एकदम भिजलं की फळं तडकतात. पाण्याची ओढाताण झाली की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि बुडाला काळा, दबलेला डाग पडतो. पुष्कळ जण त्याला रोग समजून फवारत बसतात. तो फवारणीनं जाणारा रोग नाही, आधी पाणी सुधारा.

आता सापळ्याचं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस अशी आहे की टोमॅटोच्या १६ ओळींमागे उंच आफ्रिकन झेंडूची एक ओळ लावायची. लावताना टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं असावं आणि झेंडूचं ४० दिवसांचं. वयातला हा फरक फार महत्त्वाचा आहे, त्यामुळेच दोघं एका वेळी फुलावर येतात. फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूच्या कळ्याफुलांवर अंडी घालणं पसंत करते आणि टोमॅटोवरचा भार कमी होतो. झेंडू उशिरा फुलला तर त्या ओळीचा उपयोग नाही.

पण ओळ लावली आणि सोडून दिली असं चालत नाही. दर दोन-तीन दिवसांनी फुलं उघडून बघावी लागतात. पोखरलेल्या कळीला बारीक भोक असतं आणि आत पाकळ्यांच्या बुडाशी दाणेदार विष्ठा दिसते. अशी फुलं तोडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायची. नाहीतर तीच ओळ अळ्यांचं माहेर होते.

लाल माती (रत्नागिरी)

आमच्याकडे पावसाळ्यात टोमॅटो करत नाही. चार महिने पान ओलं, करपा ठरलेला. दसरा झाला, पाऊस मागे फिरला की मग रोपं लावायची. गोंडा, म्हणजे तुमचा झेंडू, मात्र पावसातच वाढवतो, फक्त उंच गादीवाफ्यावर आणि लांब लांब, म्हणजे वारा खेळतो. भिजून फुलं जड झाली की झाड लोळतं, तेव्हा बुंध्याशी मातीची भर द्यायची. त्याला बांबूची गरज पडत नाही.

ऊन आमचं (नागपूर)

जुन्नरच्या दादांचं पटलं, पण विदर्भातल्या उन्हाळ्यात ही जोडी मी शेजारी ठेवत नाही. कारण लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. झेंडूवर तो आधी येतो आणि तिथून टोमॅटोवर जातो. पानं फिकट, धूळ बसल्यासारखी वाटली की पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकून बघा. बारीक लालसर ठिपके चालायला लागले तर ओळखायचं. मी पानांच्या मागच्या बाजूला जोरात पाणी मारते आणि फार झालं असेल तर झाड काढून टाकते.

शिवाय एप्रिल-मेमध्ये दिवसा ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रही तापलेलीच राहिली की टोमॅटोचे परागकण काम देत नाहीत, फुलं गळतात. झेंडू त्या उन्हातही फुलतो, फूल बारीक येतं इतकंच. म्हणून टोमॅटो मी हिवाळ्यात घेते आणि उन्हाळ्यात त्याच्यामागे शक्ती घालवत नाही.

खिडकीतली कुंडी (ठाणे)

माझ्याकडे पंधराव्या मजल्यावर सज्जात टोमॅटोला फुलं भरपूर, फळ एक नाही. शेजारचा झेंडू मात्र बहरलाय. खत कमी पडतंय का?

गच्चीवरची माती (पुणे)

खत वाढवू नका. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, पण ते हलावं लागतं. एरवी हे काम वारा आणि भुंगे करतात. बंद सज्जात तुम्हीच सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलांच्या घोसामागच्या दांड्यावर बोटानं टिचक्या मारा. झेंडूला आपल्याला फूलच हवं असतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. त्याची सुकलेली फुलं तेवढी खुडत राहा, बहर लांबतो.

दूरची बाग (मिशिगन)

इथला एक फरक भारतात सहसा जाणवत नाही, तो उजेडाचा. जूनमध्ये दिवस पंधरा तासांचा असतो. टोमॅटोला दिवस लहान की मोठा याचं सोयरसुतक नाही, ऊब मिळाली की तो फुलतो. हारासाठी लागणारा उंच केशरी झेंडू मात्र दिवस लहान होऊ लागले की लवकर कळी धरतो. त्यामुळे तो उन्हाळाभर नुसता वाढतो, सप्टेंबरात फुलू लागतो आणि ऑक्टोबरातल्या गोठवणाऱ्या दंवानं दसऱ्याच्या तोंडावर काळा पडतो.

म्हणून मार्च-एप्रिलमध्ये तळघरात रोपं करताना मी दोन फळ्यांवर दोन वेगळे टायमर लावते. टोमॅटोच्या दिव्याला सोळा तास. झेंडूला उगवल्यापासून काही आठवडे दहाच तास, बाकी वेळ पूर्ण अंधार. अशी रोपं मेअखेर बाहेर लावली की जुलैतच कळ्या धरतात आणि गणपतीला घरचा हार होतो. बुटका फ्रेंच झेंडू इतका अडून बसत नाही, पण त्याच्या फुलांचा हार भरत नाही.

शिवारातून (जुन्नर तालुका)

नागपूरच्या ताईंचं कोळ्याबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. आम्हीही उन्हाळी टोमॅटोत झेंडूची ओळ घेत नाही, पावसाळी लागवडीतच घेतो. आणखी एक : उपटलेल्या टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. त्या रानात पुढचा हंगामभर दाट झेंडू घ्या, मुळं जमिनीतच राहू द्या. कडेला चार झाडं लावून ते काम होत नाही.