मदत हवी आहे: तुमच्या घरात 'बहुजन' म्हणजे कोण?

नमस्कार मंडळी, मी कराडची. परवा ओट्यावर आरक्षणावरून आजोबा आणि माझा भाऊ तासभर भांडले. आजोबा त्या रात्री जेवलेच नाहीत. नंतर माझ्या ध्यानात आलं, दोघांच्या तोंडी शब्द एकच होता, 'बहुजन', पण माणसं वेगळी.

आजोबांच्या बहुजनांत मराठा, माळी, धनगर, सगळी रयत येते. हा ब्राह्मणेतर चळवळीतला अर्थ. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९२० मध्ये 'बहुजन पक्ष' काढला तो याच वळणाचा. भाऊ बोलतो ते कांशीराम यांच्या अर्थानं, १९८४ च्या बसपापासून रुळलेल्या: दलित, आदिवासी, ओबीसी, अल्पसंख्याक. त्यात मराठा नाही. म्हणून "बहुजनांना न्याय मिळालाच पाहिजे" याला दोघंही हो म्हणतात आणि पुढच्याच वाक्याला जुंपते.

आपल्या सातारा-सांगलीकडे हा अर्थ कधी सरकला, ते मला शोधायचंय. कुणाच्या ट्रंकेत सत्यशोधक जलशांच्या वह्या, जुनी प्रचारपत्रकं किंवा शाळेच्या स्मरणिका असतील, तर 'बहुजन' शब्द असलेल्या पानाचा फोटो टाकाल का? साल दिसलं पाहिजे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा.